परत सांग

११ जानेवारी

अरे माझ्या मोठ्या माणसा,

आशीर्वाद आहेत, पण या वेळी जरा हातचे राखून. सगळे एकदम दिले तर तू पत्र पुढे वाचणार नाहीस.

हे पत्र खालच्या मजल्यावरचा शिंपी लिहितोय, असं लिही. मी त्याची काजं करते, त्या बदल्यात तो माझी अक्षरं करतो. चांगलं जमलं हे वाक्य. लिहिलंस?

तर तुझा मुलगा माझ्याकडे आहे. तू चारचौघांत सांगतोस की तो लांब कुठेतरी ड्यूटीवर आहे. ते खरं नाही हे तुलाही माहीत आहे, मलाही, आणि ज्यांना सांगतोस त्यांनाही. तुझी बायको शेजारी उभी असते ना तेव्हा, आणि खोटं ऐकताना तिचे कान लाल होतात. सैन्यानं त्याला आजारी म्हणून मोकळं केलं, तेव्हापासून तो माझ्या पुढच्या खोलीत खिडकीखालच्या पलंगावर झोपतो. झोपतो म्हणजे आडवा असतो. आपण अजून त्याला बारक्याच म्हणतो, पण त्या बारक्याचे पाय पलंगाबाहेर असतात आणि दारातून येताना त्याला मान वाकवावी लागते.

तुमचं बोलणं बंद आहे. आमच्या घरात आजवर कुणी घाबरट निघाला नव्हता, असं तू त्याला फोनवर म्हणालास. त्यानं फोन ठेवला, तो अजून ठेवलेलाच आहे. त्यावर मी आज बोलणार नाही. हे लिहू नकोस, पण बोलणार आहे, फक्त आज नाही.

आता दवाखान्याचं सांगते. माजी सैनिकांच्या दवाखान्यात एक मनाची डॉक्टरीण आहे, वयानं एवढीशी. तिची रीत अशी की जे झालं ते तिच्यासमोर बसून तोंडानं सांगायचं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा, त्याची धार जाईपर्यंत. बारक्या सुरुवातीला गेला आणि हवापाण्याच्या गप्पा मारून आला. परवा गेला तो अर्ध्यातून उठून आला, एवढ्या थंडीत जाकीट तिथंच खुर्चीवर टाकून. आता जाणार नाही म्हणतो.

या बाबतीत तू आणि मी एका बाजूला आहोत, माझा माझ्यावरच विश्वास बसत नाही. तू म्हणतोस, उकरू नका, कामाला लावा, घाम गळला की डोकं ताळ्यावर येतं. मी म्हणते, खाऊ घाला, झोपू द्या, त्या गोष्टीचं नाव काढू नका. डॉक्टरीणबाई एकटी पलीकडे. पण अडचण अशी आहे की रुग्णवाहिकांच्या कंट्रोल रूममध्ये एक जागा आहे. फोन घ्यायचा, पत्ता लिहायचा, गाडी सोडायची. सैन्यात बारक्या वायरलेसवर होता, म्हणजे हे त्याच्या हातचं काम. जुन्या साहेबांनी त्याच्यासाठी शब्द टाकलाय. उन्हाळा संपेपर्यंत जागा राखतील, पण डॉक्टरीणबाईनं हा बरा आहे म्हटल्याशिवाय देणार नाहीत. आणि त्याला ती जागा हवी आहे. तसं म्हणत नाही. पण खालून रुग्णवाहिका गेली की घड्याळात बघतो.

हे लिहू नकोस, पण हा बरा झाला नाही तर माझ्यामागे याचं काय, हे माझ्या सुईच्या टोकावर बसलेलं असतं. तुझ्याकडे तर तो यायचा नाही.

आणखी एक. माझ्याशी बोलता बोलता तो मध्येच उठतो आणि जिन्यात जाऊन बसतो. माझा डावा कान गेलाय, उजवा सामान बांधून तयार आहे. मला एकेक गोष्ट चारचारदा विचारावी लागते. कंटाळत असेल म्हातारीला. राग नाही आला, पण लागतं. आता काय पुटपुटलास? परत सांग.

१२ जानेवारी

काल पेन टाकून उठून गेला. शिंपी. शिंपी उठून गेला असं लिही, त्याला गिऱ्हाईक आलं होतं.

तुझी आई


९ फेब्रुवारी

अरे हुशार माणसा,

तुझं पत्र आलं. बारक्यानं ते स्टेशनवरच्या घोषणेच्या आवाजात वाचून दाखवलं. "शिंप्याला नमस्कार सांग. त्याचं अक्षर हुबेहूब माझ्या मुलासारखं आहे. आणि त्याला म्हणावं, आई जे लिहू नकोस म्हणते तेवढं तरी गाळत जा."

मी बघतच राहिले. मला वाटायचं, अक्षर म्हणजे अक्षर. क काढला की झाला क, कुणी का काढेना. अक्षराला चेहरा असतो हे मला एवढ्या आयुष्यात कुणी सांगितलंच नाही. मी केलेलं काज मी ढिगातून ओळखून काढते, तेव्हा सुचायला हवं होतं. त्याचं नाव दिसलं तर तू पत्र वाचायचा नाहीस म्हणून शिंपी पुढे केला, आणि तू तर पाकिटावरच ओळखून बसलास. तरी वाचलंस. ते माझ्या लक्षात आहे.

मग याला धरला. का रे, मी नको म्हटलेलं का लिहिलंस? तर म्हणतो, "आजी, वायरलेसवर जे ऐकू येतं ते सगळं लिहायचं असतं. काय कामाचं आणि काय बिनकामाचं, ते ठरवणारा मी नाही." पुष्कळ दिवसांनी एवढं लांब बोलला, म्हणून सोडून दिला. तेव्हा आता तूच समजून घे. मी लिहू नकोस म्हणाले की तेवढा भाग डोळे मिटून वाच.

तू लिहितोस, आम्हीही बघितलंय, आम्ही कुणाकडे जाऊन रडलो नाही. खरं आहे, नाही रडलास. पण सैन्यातून परत आलास तेव्हापासून दाराकडे पाठ करून कधी जेवला नाहीस. बाहेर जेवायला गेलं की भिंतीकडची खुर्ची मिळेपर्यंत सगळ्यांना ताटकळत ठेवतोस. तुझे बूट पलंगाखाली नसतात, उशाशी असतात, नाड्या सैल करून. तुझी बायको मला सगळं सांगते. तू म्हणतोस, मी बरा झालो. मी म्हणते, तू आजाराला इस्त्री केलीस आणि घडी करून कपाटात ठेवलास. कपाट छान आहे, प्रश्न नाही.

आता जाकिटाची गोष्ट. ते आणायला मीच गेले. डॉक्टरीणबाईची खोली लहान, दोन खुर्च्या, एक टेबल, आणि रंग लावताना चिकटून बसलेली खिडकी. तिच्या कोटाचं मधलं बटण एका दोऱ्यावर लोंबत होतं. मला ते बघवेना. म्हटलं, कोट काढा. पिशवीत सुईदोरा असतोच. बटण लावता लावता विचारलं, काय हो, असं काय केलंत माझ्या नातवाला की तो थंडीत उघडा पळाला?

ती म्हणाली, "आजी, तो चांगला बोलायला लागला होता. पण शेवटी आवाज अगदी बारीक झाला, वाक्याचा शेवट मला ऐकू आला नाही. मी एवढंच म्हटलं, परत सांगा."

माझी सुई कापडात अर्धी जाऊन थांबली. अरे, हे दोन शब्द मी दिवसभर म्हणते. चहा घेतोस का, काय म्हणालास, परत सांग. दार लावलंस का, हं, परत सांग. आणि तो जिन्यात. मला वाटत होतं तो माझ्या बहिरेपणाला कंटाळतो. माझ्या कानांशी त्याचं काही भांडणच नव्हतं.

मी तिला हे सांगितलं. तिनं ते कागदावर लिहून घेतलं. मग म्हणाली, मला हे ठाऊक नव्हतं, तुमचे उपकार आहेत. मी म्हटलं, उपकार राहू द्या, तो शब्द तेवढा टाकून द्या. मी घरातून आजच हद्दपार करते. तर म्हणाली, "तसं करू नका. टाळाल तेवढा तो मोठा होईल. त्याला जी नोकरी हवी आहे, तिथं प्रत्येक फोनला हाच शब्द लागणार आहे."

आता मला राग आला. म्हटलं, तुमच्या हातावर कढत पाणी सांडलं तर तुम्ही रोज थोडं थोडं ओतून घेता का?

ती हसली. "नाही. पण स्वयंपाकघरात जाणं सोडत नाही."

बाई हजरजबाबी आहे, म्हणून मला दुप्पट राग आला. बटण पक्कं करून दिलं, जाकीट उचललं आणि आले. आणि शब्द खरंच हद्दपार केला. आता ऐकू आलं नाही तर मी हं हं करते आणि अंदाजानं चालवते. काल त्यानं कात्री मागितली, मी मीठ दिलं. त्यानं मुकाट्यानं घेतलं. जिन्यात जाणं थांबलंय. खरं ना रे? मान हलवली. मान हलवली असं लिही.

तुझी आई, जी बरोबर होती


१६ मार्च

अरे गोदामवाल्या,

तुझं एवढं खूश पत्र मी आजवर ऐकलं नव्हतं. आई, या वेळी तुझं बरोबर आहे, असं तू लिहिलंस, ते मी बारक्याला दोनदा वाचायला लावलं. मग पुढचं आलं. तू देखरेख करतोस त्या गोदामावर पहारेकऱ्याची जागा आहे, त्याला पाठवून दे, तिथं दिवसभर कुणाशी बोलावं लागत नाही. डॉक्टर बंद, गोळ्या बंद, चार महिन्यांत माणसात येईल.

गोळ्यांचं आधी सांगते. डॉक्टरीणबाईनं झोपेसाठी दिल्यात, आणि हल्ली मी उठून चहा टाकते तेव्हा तो खरोखर झोपलेला असतो, तोंड उघडं टाकून, लहानपणी झोपायचा तसा. तू शपथेवर सांग, तुला अशी झोप शेवटची कधी लागली. तेव्हा गोळ्यांवर आपलं एकमत नाही.

गोदाम मात्र मला पटलं. मी खोटं कशाला बोलू. शांत जागा, बापाचं लक्ष, वेळेवर जेवण. मी म्हटलं, काय रे बारक्या, काय म्हणतोस? तो खिडकीशी उभा होता, पाठमोरा. काहीतरी बोलला. मी म्हटलं, हं?

तो वळला आणि माझ्या उजव्या कानाशी येऊन बसला.

"आजी, तू हं हं करतेस ना, ते मला जास्त लागतं."

मी म्हटलं, तुझ्यासाठीच करते.

"माहीत आहे. मी कात्री मागितली, तू मीठ दिलंस, मी घेतलं. असंच चालू राहिलं तर तू कायमची बहिरी आणि मी कायमचा मुका. बाबांच्या गोदामात तर मीठ द्यायलाही कुणी नाही." मग म्हणाला, "मला फोन घ्यायचेत."

अरे, माझ्या हातात शर्टाची बाही होती, तिला मी काज भलत्याच बाजूला केलं. शिंप्यानं दाखवल्यावर कळलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

म्हणजे मी त्याच्याभोवती गादी घालत होते आणि त्याला वाटत होतं भिंत बांधतेय. तू गोदाम देतोस आणि मी घराचंच गोदाम केलं होतं. आपण दोघं एका बाजूला होतो तेव्हाच मला संशय यायला हवा होता. आपलं कधी कशावर जमलंय?

तर गोदामाला नको. तो परवापासून पुन्हा दवाखान्यात जाणार. त्याची एक अट आहे, मी बाहेरच्या बाकावर बसायचं. आणि डॉक्टरीणबाईनं माझ्यावर काम टाकलंय, शब्द घरात परत आणायचा. मी म्हटलं, आधी मला तिच्यासमोर कबूल करावं लागेल की तिचं बरोबर होतं. बारक्या म्हणतो, ते तुझं तू बघ. अगदी तुझ्यासारखा बोलला. हे लिहू नकोस, नाहीतर आवडेल त्याला.

तुझी आई


२ मे

अरे राजा,

हे पत्र बसून वाच. भिंतीला पाठ टेकवून वाच हवं तर.

दर आठवड्याला मी त्या बाकावर बसते, मांडीवर शिंप्याची शर्टं घेऊन. आत तो बोलतो, बाहेर मी काजं करते. दार जाड आहे आणि मी बहिरी, त्यामुळे माझ्याकडे बघून कुणाला संशय येत नाही की मी ऐकते आहे. मी ऐकत नव्हतेच. दाराच्या काचेतून त्याच्या खुर्चीचा पाय दिसायचा, तेवढा बघत होते. खुर्ची सरकली नाही म्हणजे तो उठला नाही. पहिल्यांदा बाहेर आला तो धुऊन पिळलेल्या चादरीसारखा. दुसऱ्यांदाही तसाच. मग एकदा आला आणि म्हणाला, आजी, भूक लागली.

घरीही अभ्यास असतो. तिथं जे बोलला ते फोनमध्ये भरून दिलेलं असतं, ते रोज दुपारी कानाला लावून ऐकायचं. आणि माझा अभ्यास वेगळा. पहिल्या दिवशी मी "परत सांग" म्हटलं तेव्हा त्यानं टेबलाची कड अशी धरली की नखं पांढरी पडली. उठला. दारापर्यंत गेला. पुन्हा येऊन बसला आणि म्हणाला, चहात साखर कमी आहे. मी म्हटलं, परत सांग. म्हणाला, चहात साखर कमी आहे. चहा गोडच होता रे, मी चाखून बघितला होता. पण त्या दिवशी त्याला काहीतरी सांगायला हवं होतं. मग ती रीतच पडली. आता तो मुद्दाम पुटपुटतो, मला विचारायला लावतो, आणि मी विचारलं की मोठ्यानं सांगतो, म्हातारे, कान साफ कर. मी याला उलट उत्तर समजत नाही. औषध समजते.

इथून पुढचं त्याचं त्यानं लिहायचं आहे. मी सांगितलं तर पदरच्या दोन गोष्टी घालीन. मी गप्प बसते. लिही.

बाबा, मी लिहितोय.

पुढच्या चौकीवर माझा मित्र होता. बोलायच्या आधी वायरलेसवर शिट्टी मारायचा, म्हणून त्याला सगळे शिट्टीच म्हणायचे. त्या सकाळी त्याच्या बाजूला गोळीबार सुरू झाला. माझ्यासमोर रसदीची गाडी उभी होती, इंजिन चालू, निघायच्या बेतात. त्याचा संदेश आला. शिट्टी, मग "गाडी सोडू", आणि पुढचा शब्द खरखरीत गेला. गाडी सोडू नका की गाडी सोडू शकता, कळेना. मी म्हटलं, परत सांग. परत शिट्टी, परत तेच, परत शेवट तुटला. परत सांग. परत सांग. मी म्हणत राहिलो आणि तो सांगत राहिला. मग शिट्टी आली नाही.

बाबा, तो आडोशाला जाऊ शकला असता. एका शब्दासाठी मी त्याला तिथं उभा ठेवला. मला एवढंच आठवत होतं. तुम्ही घाबरट म्हणालात तेव्हा मला वाटलं, यांना खरं कळलं तर याहून वाईट म्हणतील.

डॉक्टरांनी मला हे कितीदा सांगायला लावलं ते मी मोजलं नाही. एकदा त्यांनी विचारलं, मग त्या गाडीचं काय झालं? मी म्हणालो, सोडली नाही. का? तो नका म्हणाला म्हणून. आणि हे बोलल्यावर मला तो ऐकू आला. शेवटच्या वेळी त्यानं आख्खं वाक्य टाकून दिलं होतं. शिट्टीसुद्धा मारली नव्हती. फक्त तेवढा एक शब्द म्हटला. नका. स्वच्छ आला. मी धावत जाऊन हात आडवे करून गाडी थांबवली. गाडीत माणसं होती. पुढे पूल उडालेला होता.

हे मी विसरलो नव्हतो. तिथपर्यंत कधी पोचतच नव्हतो. दर वेळी त्याच्या आधीच उठून जात होतो.

झालं. आजी, तू बोल.

बोलते. डोळे पुसून घेते, थांब. हे लिहिलंस तरी चालेल.

मी त्याला म्हटलं, वाचून दाखव. वाचलं. मला सगळं ऐकू आलं होतं, तरी म्हटलं, परत सांग. त्यानं बसल्या जागी सगळं परत वाचलं. आवाज एकदा हलला, "नका" पाशी, पण तुटला नाही.

मला एवढंच म्हणायचंय. आपल्या बोलण्यात नको आणि नाही सगळ्यात शेवटी येतात, आणि माणसं शेवट ऐकायच्या आधीच उठतात. हा शेवटापर्यंत थांबला. तेव्हाही थांबला होता, म्हणून ती गाडी वाचली. कुठेतरी तिचा ड्रायव्हर आज पोट सुटून बायकोची बोलणी खात असेल. याला तू घाबरट म्हणालास. त्यावर बोलायचं म्हटलं होतं ना मी जानेवारीत, ते हे बोलले. संपलं.

डॉक्टरीणबाई जिंकली, मी हरले. तिच्या तोंडावर तसं सांगितलं आणि कोटाची उरलेली बटणंही पक्की करून दिली. हरल्याचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता. तूही हरलास, तुझं तू बघ. पण एक सांगून ठेवते. तिच्याकडे दोन खुर्च्या आहेत. त्यातली एक भिंतीला टेकून आहे, दाराकडे तोंड करून. मी मुद्दाम बघून ठेवली.

तुझी आई, जी चुकीची होती


२० जून

अरे माझ्या बाळा,

आज आशीर्वाद सगळे दिले. हातचा काही ठेवला नाही.

डॉक्टरीणबाईनं त्याला बरा म्हटलं. अगदी तसंच नाही म्हणाली, ती तुझ्यामाझ्यासारखी एका शब्दात निकाल लावत नाही. म्हणाली, हा आता काम करू शकतो, आणि एखादा दिवस वाईट गेला तर माझ्याकडे कसं यायचं ते त्याला माहीत आहे. मला हे 'बरा'पेक्षा जास्त आवडलं. बरा म्हणजे काय, मी तरी कुठे बरी आहे?

सोमवारपासून तो कंट्रोल रूममध्ये बसतो. कानाला यंत्र, समोर शहराचा नकाशा, हातात पेन्सिल. तिथं सगळे बोटांनी टाइप करतात, हा आधी कागदावर लिहितो, मग टाइप करतो. हसले म्हणे त्याला. दुसऱ्या दिवशी मशीन बंद पडलं तेव्हा नाही हसले. पहिलाच फोन एका बाईचा आला. नवरा न्हाणीघरात पडला होता, ती रडत पत्ता सांगत होती आणि प्रत्येक वेळी घराचा नंबर हुंदक्यात जात होता. हा म्हणाला, ताई, गल्ली मिळाली, गाडी निघाली, आता फक्त शेवटचं परत सांगा. तिनं सांगितलं. माणूस वाचला. तुटलेल्या पायानं घरभर हुकूम सोडतोय म्हणे. त्या दिवशी हा घरी आला तेव्हा खालून शिंपी धावत वर आला सांगायला, की तुमचा नातू जिन्यात शिट्टी वाजवत होता. मी म्हटलं, मला काय सांगता, मी बहिरी. मग शिंपी गेल्यावर रडले. शिंपी यानंतर कुठल्याही पत्रात लागणार नाही, पण त्याचं हे एक लिहून ठेव.

आणि काल तुझा फोन आला.

तू फोनवर होतास, म्हणून तुझी बाजू तुला ठाऊक आहे. इकडची सांगते, ती तुला दिसली नाही.

यानं फोन उचलला, तुझा आवाज ओळखला आणि मला ऐकू यावं म्हणून स्पीकर लावून टेबलावर ठेवला. तू खूप वेळ घसा साफ केलास. मला वाटलं चुकून खोकल्याच्या डॉक्टरला फोन लागला असं समजलास. हवा कशी आहे विचारलंस. हा म्हणाला, ठीक आहे. नोकरी कशी आहे विचारलंस. ठीक आहे. मी पायानं टेबलाला ढकललं, पुढे सरका दोघंही म्हणून. मग तू एकदम सुरुवात केलीस. "मी तुला त्या दिवशी जे म्हणालो ना, ते माझं चुकलं", आणि फोनमध्ये खर्रर्र झालं.

आता ऐक काय झालं. मी जिन्याकडे बघितलं, आपोआप, सवयीनं. त्यानं नाही बघितलं. तो खुर्चीत सरळ बसला, कानामागची पेन्सिल काढली, समोरच्या बिलावर लिहिलं "माझं चुकलं", आणि त्याच्या त्या कंट्रोल रूमच्या आवाजात, सावकाश, एकेक शब्द मोकळा करत म्हणाला,

"बाबा, आवाज तुटतोय. माझं चुकलं, इथपर्यंत आलं. पुढे 'नाही' होतं का? परत सांगा."

त्याचा हात बघायला हवा होतास तू. टेबलावर ठेवलेला, पेन्सिल धरलेला, पाण्याच्या पेल्यासारखा स्थिर. ओठाच्या एका कोपऱ्यात अगदी बारीक हसू होतं. मी नंतर विचारलं, खरंच शेवट तुटला होता का रे? तर म्हणतो, आजी, बाबांच्या बाबतीत खात्री करून घेतलेली बरी.

मला वाटलं फोन ठेवतोस. मग म्हणालास, "माझं चुकलं. पुढे काही नाही."

"मिळालं," हा म्हणाला. आणि पेन्सिलीनं खाली रेघ मारली.

मग तुम्ही किती वेळ बोललात, कशाकशावर, ते मी लिहीत नाही, ते तुमचं आहे. पण शेवटी तू आवाज खाली आणून विचारलंस, ती खुर्ची खरंच दाराकडे तोंड करून आहे का, तेव्हा तो म्हणाला, हो बाबा, मी त्याच खुर्चीत बसायचो. बाहेरच्या बाकावरही जागा आहे. आजी थोडी सरकेल. मी सरकेन. बायकोलाही आण, कान लाल न होता तिला चार वाक्यं बोलू दे.

जाता जाता मी फोन हातात घेतला आणि म्हटलं, अरे, तू मघाशी ते काय म्हणालास, मला काही ऐकू आलं नाही. परत सांग. आणि तू तिसऱ्यांदा सांगितलंस, ओरडून, तुझ्या सगळ्या गोदामाला ऐकू जाईल असं.

मला पहिल्या वेळीच स्वच्छ ऐकू आलं होतं. हे लिहू नकोस.